प्रतिवादीचे म्हणणे : संक्षिप्त दाव्यांतील बचावाच्या परवानगीचा इतिहास आणि न्या. विवियन बोस यांची कसोटी

प्रस्तावना

दिवाणी न्यायालयात दावा दाखल व्हावा, प्रतिवादीने आपली कैफियत द्यावी, वादप्रश्न निघावेत, पुरावा व्हावा आणि मग हुकूमनामा व्हावा, हा क्रम सर्वपरिचित आहे. या क्रमात प्रतिवादीने बोलायचे की नाही हा प्रश्नच उपस्थित होत नाही. बोलणे हा त्याचा हक्कच असतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ३७व्या आदेशाखाली चालणाऱ्या संक्षिप्त दाव्यात मात्र हा क्रम उलटा होतो. हुंडी, धनादेश, वचनचिठ्ठी किंवा लेखी करारावर आधारलेल्या निश्चित रकमेच्या मागणीत वादीचे म्हणणे प्रथमदर्शनी खरे धरले जाते आणि प्रतिवादीला आपला बचाव मांडण्यासाठी आधी न्यायालयाची परवानगी मागावी लागते. ती मिळाली नाही तर साक्षीपुरावा न होताच हुकूमनामा होतो.

ही परवानगी केव्हा द्यावी, केव्हा अनामतीच्या अटीवर द्यावी आणि केव्हा नाकारावी, याविषयी वकिलांसाठी पुष्कळ लेखन झाले आहे. त्या प्रश्नामागील सामाजिक इतिहासाकडे मात्र फारसे कोणी वळलेले दिसत नाही. प्रस्तुत लेखात तो इतिहास महाराष्ट्राच्या आणि विशेषतः नागपूरच्या संदर्भात पाहण्याचा प्रयत्न केला आहे. या विषयावरील सर्वोच्च न्यायालयाचा एक पायाभूत निर्णय ज्यांनी लिहिला ते न्यायमूर्ती विवियन बोस हे नागपूरचे होते, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. एकोणिसाव्या शतकातच महाराष्ट्रात या प्रश्नाची दोन परस्परविरोधी उत्तरे एकाच वेळी अस्तित्वात होती, आणि त्यांपैकी एकाचा आपल्याला जवळजवळ विसर पडला आहे.

पेढीवरचा कागद

संक्षिप्त दाव्याची कल्पना इंग्लंडातील आहे. हुंडीच्या व्यवहारात ऋणको निरर्थक हरकती घेऊन वर्षानुवर्षे पैसे अडवून ठेवतो, ही तेथील व्यापाऱ्यांची तक्रार होती. तिच्यावर उपाय म्हणून १८५५ मध्ये ब्रिटिश संसदेने हुंड्यांच्या दाव्यांसाठी संक्षिप्त प्रक्रियेचा कायदा केला. अकरा वर्षांनी, १८६६ च्या ५ व्या अधिनियमाने ती पद्धत हिंदुस्थानात आली. पुढे १८७७ व १८८२ च्या दिवाणी प्रक्रिया संहितांत तिला स्वतंत्र प्रकरण मिळाले आणि १९०८ च्या संहितेत ती ३७व्या आदेशात स्थिरावली.

हा आदेश लागू कोठे होता, हे पाहणे उद्बोधक आहे. १९०८ च्या मूळ नियमात कलकत्ता, मद्रास व मुंबई येथील उच्च न्यायालये, लोअर बर्माचे चीफ कोर्ट आणि सिंधचे ज्युडिशियल कमिशनर यांचे न्यायालय एवढ्यांचाच नावानिशी उल्लेख होता. त्याखेरीज, जुन्या संहितेतील संबंधित कलमे ज्या न्यायालयांना आधीच लागू केलेली होती ती न्यायालये त्यात येत. म्हणजे ही व्यवस्था मुख्यतः बंदरांची, पेढ्यांची आणि मोठ्या व्यापारी शहरांची होती. मध्य प्रांताची राजधानी असलेल्या नागपूरचे नाव त्या यादीत नव्हते. इतवारीतील व्यापाऱ्याला वचनचिठ्ठीवर दावा करायचा झाला तर त्याला सर्वसाधारण मार्गानेच जावे लागे, आणि त्याच्या प्रतिवादीला कैफियत देण्यासाठी कोणाचीही परवानगी लागत नसे.

या मर्यादेमागे एक गृहीतक होते. हुंडीवर सही करणारा आणि हुंडी स्वीकारणारा हे दोघेही व्यापारी असतात. दोघांनाही अक्षर ओळखता येते, दोघांच्याही वह्या असतात आणि सहीचा अर्थ दोघांनाही ठाऊक असतो. अशा दोन समान पक्षांमधील कागद आपणहून बोलतो, म्हणून प्रतिवादीने बोलण्यापूर्वी कारण दाखवावे, अशी ही विचारसरणी होती. पेढीपुरती ती अयोग्य म्हणता येत नाही. व्यापारात वेळेला किंमत असते, आणि पाच वर्षांनी मिळणारा हुकूमनामा म्हणजे व्यापाऱ्याच्या दृष्टीने अर्धे नुकसानच होय.

गावातला कागद

याच काळात मुंबई इलाख्याच्या दुसऱ्या टोकाला कागदाची वेगळीच कहाणी घडत होती. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला केला. तेथून पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या या उठावात लोकांचा मुख्य रोख कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या यांवर होता. ते हिसकावून घेऊन जाळावयाचे, आणि सावकाराने निमूटपणे दिले तर पुष्कळदा त्याच्या जिवाला धक्का लावावयाचा नाही, अशी त्याची रीत दिसते. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत हे ‘दख्खनचे दंगे’ म्हणून येतात. विधीच्या अभ्यासकाने त्यांकडे न्यायालयीन प्रक्रियेविषयीची तक्रार म्हणूनही पाहावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. शेतकऱ्याने कागदच का जाळला? कारण न्यायालयात तो कागद बोलत असे आणि तो स्वतः बोलत नसे.

दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगापुढे जे चित्र आले त्यात एकतर्फी हुकूमनाम्यांना मोठे स्थान होते. समन्स निघे, शेतकरी तालुक्याच्या न्यायालयात जात नसे, आणि रोख्यावरील आकड्याप्रमाणे हुकूमनामा होई. त्या आकड्यात मूळ मुद्दल किती, व्याजावरचे व्याज किती, जुन्या खताचे नवे खत करताना काय मिळवले गेले, हे कोणी विचारीत नसे. कायद्याने शेतकऱ्याला बोलण्यास मनाई केली नव्हती, हे खरे. परंतु अंतर, खर्च, भीती आणि निरक्षरता यांनी ते काम परभारे करून टाकले होते.

यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा (१८७९ चा १७ वा अधिनियम) आला. तो प्रारंभी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. ग्राममुन्सफ, सलोखा घडवून आणणारे अधिकारी, शेतकऱ्यांच्या दस्तऐवजांची गावपातळीवरील नोंदणी अशा अनेक तरतुदी त्यात होत्या. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. एक, न्यायाधीशाने प्रतिवादीला साक्षीदार म्हणून तपासावे. ते अनावश्यक वाटल्यास तशी कारणे लिहून ठेवावीत. दोन, रोख्यावरील रक्कम प्रमाण न मानता व्यवहाराच्या अगदी आरंभापासूनचा इतिहास न्यायालयाने स्वतः शोधावा आणि हिशेब नव्याने मांडावा.

हे दोन कायदे शेजारी ठेवून पाहिले की त्यांतील विरोध लक्षात येतो. एकाच इलाख्यात, तेरा वर्षांच्या अंतराने, मुंबईच्या न्यायालयाला सांगितले गेले की प्रतिवादीने सबळ कारण दाखविल्याखेरीज त्याचे ऐकू नये; आणि साताऱ्याच्या न्यायालयाला सांगितले गेले की प्रतिवादी गप्प बसला तरी त्याला बोलते करावे. दोन्ही ठिकाणी कागद होता आणि त्याखाली सही अथवा अंगठा होता. फरक होता तो त्या दोन माणसांमधील अंतराचा.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या न्यायखात्यातील सेवेचा एक महत्त्वाचा भाग याच कायद्याच्या अंमलबजावणीत गेला. १८८७ मध्ये ते या कायद्याखालील विशेष न्यायाधीश झाले. त्यांच्या अर्थविचारावर आपल्याकडे विपुल लिहिले गेले आहे. परंतु कनिष्ठ न्यायालयांची हजारो लहान प्रकरणे तपासताना शेतकऱ्याच्या कर्जाचा जो अनुभव त्यांना आला असेल, त्याचा त्या विचाराशी असलेला संबंध अद्याप पुरेसा तपासला गेलेला नाही. तो स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे.

हा कायदा निर्दोष होता असे मुळीच नाही. सावकारांनी पळवाटा शोधल्या. कर्जरोख्याऐवजी सरळ खरेदीखत लिहून घ्यावयाचे आणि जमीन परत देण्याचे केवळ तोंडी कबूल करावयाचे, हा प्रकार इतका वाढला की असे खरेदीखत वस्तुतः गहाण आहे हे तोंडी पुराव्याने दाखविण्याची मुभा देणारे १०-अ हे कलम पुढे घालावे लागले. शिवाय ‘शेतकरी’ कोण, यावरच निम्मा वाद होऊ लागला.

मध्य प्रांत व वऱ्हाड यांनी हाच प्रश्न आपल्या पद्धतीने हाताळला. १९३३ च्या कायद्याने येथे कर्ज-सलोखा मंडळे आली. १९३४ च्या सावकारी कायद्याने सावकारावर नियमित हिशेब ठेवण्याचे व ऋणकोला त्याचा उतारा देण्याचे बंधन घातले. १९३९ मध्ये ऋणमुक्तीविषयक कायदा झाला. या सर्वांचा गाभा १८७९ च्या कायद्याचाच होता : कागदामागे जाऊन पाहा.

नागपूरचे न्यायमूर्ती आणि साठ हजारांचा धनादेश

याच प्रांताच्या न्यायव्यवस्थेत विवियन बोस यांची जडणघडण झाली. नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू सर बिपिनकृष्ण बोस यांचे ते नातू. केंब्रिजमध्ये शिक्षण घेऊन १९१३ मध्ये ते बॅरिस्टर झाले, नागपुरात वकिली केली, १९२० च्या दशकात येथील विद्यापीठ विधी महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले. २ जानेवारी १९३६ रोजी नागपूर उच्च न्यायालय स्थापन झाले आणि त्याच महिन्यात ते न्यायमूर्ती झाले. १९४९ मध्ये मुख्य न्यायमूर्ती आणि १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, असा त्यांचा पुढील प्रवास आहे. जून १९५६ मध्ये निवृत्त झाल्यावर सप्टेंबर १९५७ पासून सुमारे एक वर्ष ते पुन्हा त्या न्यायासनावर बसले. आपल्याला अभिप्रेत असलेला निर्णय या दुसऱ्या कालखंडातील आहे.

संतोषकुमार विरुद्ध भाई मूलसिंग या खटल्याचा निकाल फेब्रुवारी १९५८ मध्ये लागला. दावा दिल्लीचा होता. साठ हजार रुपयांचा धनादेश वटला नाही म्हणून तो दाखल झाला होता. प्रतिवादीचे म्हणणे असे की, हा धनादेश मालाच्या किमतीपोटी केवळ तारण म्हणून दिला होता; ती किंमत रोखीने व अन्य धनादेशांनी चुकती झाली; तेव्हा तारण परत मिळावयास हवे होते, ते वादीने दिले नाही. खालच्या न्यायालयाने एक विचित्र भूमिका घेतली. हे म्हणणे चौकशीयोग्य आहे, असे त्याने मान्य केले. परंतु पुष्ट्यर्थ कागदपत्रे जोडलेली नाहीत म्हणून ते मोघम ठरवून, दाव्याची रक्कम व खर्च यांचे तारण दिल्यासच बचाव करता येईल, अशी अट घातली. पंजाब उच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही.

न्या. बोस यांनी या भूमिकेतील दोष अचूक हेरला. पुराव्याची पायरी बचावाची परवानगी मिळाल्यानंतर येते. परवानगीच्या पायरीवर पुरावा मागणे म्हणजे दार उघडण्यापूर्वी आत येऊन दाखवा असे म्हणण्यासारखे आहे. (ही उपमा प्रस्तुत लेखकाची, न्यायमूर्तींची भाषा अधिक संयत आहे.) त्यांनी घालून दिलेली कसोटी थोडक्यात अशी. न्यायालयाने एवढेच पाहावे की प्रतिवादी जी हकीकत सांगतो ती पुढे सिद्ध झाली असे धरले तर तिच्यातून चांगला, निदान पटण्याजोगा, बचाव उभा राहतो काय. राहत असेल तर वादप्रश्न खरा आहे, दिखाऊ नाही, आणि परवानगी बिनशर्त द्यावयास हवी. बचावाच्या प्रामाणिकपणाविषयी शंका असेल तर अट घालता येते. पण ती शंका हकीकतीतून निघाली पाहिजे. केवळ कागद जोडला नाही एवढ्यावरून नव्हे. व्यापाराच्या हितासाठी शीघ्र निकाल आवश्यक आहेत, हे त्यांनी नाकारले नाही. न्यायाधीशाचा स्वेच्छाधिकारही नाकारला नाही. मात्र तो अधिकार लहरीचा नसून न्यायाच्या तत्त्वांनी बांधलेला आहे, असे बजावले.

हा निर्णय त्यांच्या आधीच्या एका निर्णयाशेजारी ठेवून वाचावा. १९५५ मधील संग्रामसिंग विरुद्ध निवडणूक न्यायाधिकरण, कोटा या खटल्यात एका तारखेला गैरहजर राहिलेल्या पक्षकाराला पुढील कामकाजात भाग घेऊ देण्यास न्यायाधिकरणाने नकार दिला होता. तो नकार रद्द करताना न्या. बोस यांनी म्हटले होते की प्रक्रियेचे नियम न्याय सुकर करण्यासाठी असतात. माणसांना अडखळवून पाडण्यासाठी किंवा शिक्षा करण्यासाठी नव्हेत, आणि कोणाचेही म्हणणे ऐकल्याविना त्याच्याविरुद्ध निर्णय होऊ नये, हा त्या नियमांचा पाया आहे. १९५८ चा निर्णय म्हणजे हेच तत्त्व धनादेशाच्या दाव्यात नेणे होय.

मध्य प्रांतातील कर्जदारांच्या कायद्यांचा त्यांच्या विचारावर थेट परिणाम झाला, असे विधान करणे धाडसाचे होईल. निर्णयात तसा उल्लेख नाही. परंतु ज्या प्रांतात कागदामागे जाऊन पाहणे हा वीस वर्षे विधिमंडळाचा ध्यास होता, तेथून आलेल्या न्यायमूर्तींना ‘कागद कोठे आहेत?’ हा खालच्या न्यायालयाचा प्रश्न अपुरा वाटावा, यात आश्चर्य वाटत नाही.

यादी विस्तारते

मुंबई उच्च न्यायालयाने ३७व्या आदेशात आपल्यापुरत्या दुरुस्त्या करून न्यायाधीशाच्या स्वेच्छाधिकाराला अधिक वाव दिला होता. १९६५ मध्ये प्रकाशित झालेल्या मिल्खीराम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींच्या पीठाने त्या दुरुस्तीचा अर्थ लावला. पुढे १९७६ च्या १०४ व्या अधिनियमाने देशभरासाठी जवळपास तीच रचना स्वीकारली. ती १ फेब्रुवारी १९७७ पासून अमलात आली. हाजिरीसाठी दहा दिवस, त्यानंतर हुकूमनाम्यासाठीचे समन्स, त्यावर परवानगीच्या अर्जासाठी आणखी दहा दिवस, ही आजची चाकोरी तेव्हाची आहे. याच दुरुस्तीने हेही स्पष्ट केले की बचावात तथ्यांश दिसत नाही किंवा तो निरर्थक व त्रासदायक आहे अशी न्यायालयाची खात्री झाल्याखेरीज परवानगी नाकारू नये. मात्र जेवढी रक्कम प्रतिवादीला मान्य आहे तेवढी त्याने भरलीच पाहिजे.

या दुरुस्तीचा दुसरा परिणाम आपल्या दृष्टीने अधिक दूरगामी होता. हा आदेश उच्च न्यायालये, शहर दिवाणी न्यायालये आणि लघुवाद न्यायालये यांबरोबरच ‘इतर न्यायालयांना’ही लागू झाला. पेढीवरचा नियम गावात आला तो असा. एकोणिसाव्या शतकात ज्या दोन व्यवस्था जाणीवपूर्वक वेगळ्या ठेवल्या होत्या त्यांतील व्यापाऱ्यांची व्यवस्था सर्वत्र पोहोचली, आणि शेतकऱ्यांची व्यवस्था तोवर इतिहासजमा झाली होती.

१९७६ मध्येच मेकॅलेक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कलकत्ता उच्च न्यायालयाच्या १९४५ मधील किरणमयी दासी प्रकरणातील पाच सूत्रे उचलून धरली. ती लिहिणारे न्या. सुधीरंजन दास हे पुढे, बोस यांचा १९५८ चा निर्णय झाला त्या वेळी, भारताचे सरन्यायाधीश होते, हा एक योगायोग. त्या सूत्रांत पोकळ बचावासाठी ‘मूनशाईन’, म्हणजे नुसते चांदणे, असा शब्द आला आणि आपल्या वकीलवर्गाला तो फार आवडला. प्रतिवादीच्या प्रत्येक प्रतिज्ञापत्राला आज तो चिकटविला जातो.

चारशे अठरा कोटी आणि दोन लाख

१५ नोव्हेंबर २०१६ रोजी आयडीबीआय ट्रस्टीशिप विरुद्ध हबटाउन या मुंबईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, बदललेल्या नियमामुळे मेकॅलेकमधील सूत्रे आता जशीच्या तशी लागू करता येणार नाहीत. त्यांच्या जागी न्यायालयाने नवी श्रेणी मांडली. बचाव यशस्वी होण्याजोगा असेल तर परवानगी बिनशर्त. चौकशीयोग्य व रास्त असेल तरी सामान्यतः बिनशर्त. परंतु प्रामाणिकपणाविषयी शंका असेल, किंवा बचाव शक्य पण असंभाव्य वाटत असेल, तर अट घालता येईल, आणि ती अट संपूर्ण मुद्दल व्याजासह भरण्यापर्यंत जाऊ शकेल. त्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने दिलेली बिनशर्त परवानगी बदलून ४१८ कोटी रुपये भरण्याची अट घातली गेली.

त्या प्रकरणाच्या वस्तुस्थितीत हे योग्य असू शकेल. दोन्ही बाजूंना निष्णात सल्लागार होते आणि प्रत्येक दस्त वकिलांनी घडविलेला होता. १८५५ च्या कायद्याला अभिप्रेत असलेले समान पक्ष ते हेच. अडचण त्यापुढची आहे. ‘शक्य पण असंभाव्य’ हे मोजमाप तेथून उचलून दोन लाखांच्या हातउसन्या रकमेच्या दाव्याला लावले जाते, तेव्हा त्याचा अर्थ बदलतो. अशा प्रतिवादीचा बचाव बहुधा एकच असतो : धनादेश कोरा दिला होता, रक्कम नंतर लिहिली, पैसे फेडले, पण पावती घेतली नाही. वाणिज्य शाखेच्या वर्गात ‘कोरा धनादेश कोणी द्यावा काय?’ असे विचारले असता सगळे विद्यार्थी ठामपणे नकार देतात. घरी कोणी दिला आहे काय असे विचारले की काही जण खाली पाहू लागतात. असा बचाव ऐकताच असंभाव्य वाटतो, कारण तो कागदाच्या विरुद्ध जातो. परंतु १८७६ च्या आयोगापुढे आलेली शेतकऱ्याची हकीकतही कागदाच्या विरुद्धच होती.

येथे दुसराही एक मुद्दा आहे. परवाना नसलेल्या सावकाराला न्यायालयाने वसुलीचा हुकूमनामा देऊ नये, हे तत्त्व १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यात होते आणि २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमातही ते कायम आहे. वादी व्याजाने पैसे देण्याचा धंदा करतो की त्याने ओळखीने एकदाच उसने दिले, हे वचनचिठ्ठीवरून कधीच कळत नाही. ते पुराव्यानेच कळते. म्हणून प्रतिवादीने इतर कर्जदारांचे व व्यवहारांचे काही तपशील देऊन हा आक्षेप घेतला असेल, तर तो चौकशीयोग्य मानून बिनशर्त परवानगी मिळणे योग्य ठरेल. नुसते ‘वादी सावकार आहे’ एवढे एक वाक्य मात्र पुरेसे म्हणता येणार नाही. प्रतिज्ञापत्र लिहिणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावयास हवे. छापील नमुन्यात नाव बदलून दिलेली प्रतिज्ञापत्रे खऱ्या बचावाचेही नुकसान करतात.

वादीची बाजू दुर्लक्षून चालणार नाही. माल देऊन बसलेला लहान दुकानदारही वादी असतो, आणि वेळकाढू प्रतिवादी त्याचे भांडवल गिळतो. २०१५ च्या वाणिज्य न्यायालय अधिनियमाची मूल्यमर्यादा २०१८ मध्ये तीन लाखांवर आणली गेली ती याच निकडीतून. पण अनामतीच्या अटीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, हे मान्य करावे लागेल. ज्याच्यापाशी पैसा आहे त्याला सशर्त परवानगी ही परवानगीच असते. ज्याच्यापाशी नाही त्याला ती नकाराची सभ्य भाषा ठरते.

जानेवारी २०२२ मध्ये बी. एल. कश्यप विरुद्ध जेएमएस स्टील्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हबटाउनमधील श्रेणी कायम ठेवूनच स्पष्ट केले की, परवानगी देणे हा सामान्य नियम आणि नाकारणे हा अपवाद आहे. शंका असली तरी सरसकट नकार न देता अटीचा विचार व्हावा. तराजू काही अंशी १९५८ कडे झुकला आहे. मात्र अट किती असावी, हे ठरविताना प्रतिवादीची ऐपत पाहावी काय, हा प्रश्न अद्याप न्यायाधीशाच्या स्वेच्छाधिकारावरच सोपविलेला आहे.

या ठिकाणी १८७९ च्या कायद्यातील एक लहानशी युक्ती पुन्हा तपासून पाहण्याजोगी वाटते. आज परवानगीचा निर्णय प्रतिज्ञापत्रांवर होतो. प्रतिवादी बहुधा न्यायाधीशासमोर उभाही राहत नाही. संहितेच्या १०व्या आदेशात पक्षकारांना तोंडी प्रश्न विचारण्याची सोय आहेच. लहान रकमेच्या संक्षिप्त दाव्यात परवानगीचा आदेश करण्यापूर्वी न्यायाधीशाने त्या धर्तीवर दोन्ही पक्षांना समोर बोलावून पैसे कोणत्या दिवशी दिले, कसे दिले, धनादेशावरील रक्कम कोणाच्या अक्षरात आहे, आजवर किती परत आले, एवढे चार प्रश्न विचारले तर त्याला पंधरा मिनिटांहून अधिक वेळ लागू नये. ज्या प्रतिवादीचे प्रतिज्ञापत्र उसन्या भाषेतले आहे त्याची हकीकत त्याच्याच तोंडून बाहेर येईल, आणि ज्याचा बचाव बनावट आहे तोही तेथेच उघडा पडेल. सातारा व सोलापूरच्या न्यायालयांत हे काम एकेकाळी कायद्याने नेमून दिलेले होते.